त्यांना सांग, तिला सांग

सोमवार, ३ तारीख

आमच्याच रुग्णालयातल्या घशाच्या डॉक्टरांनी आज निकाल दिला. स्वरयंत्रावर गाठी आल्यात. घाबरण्यासारखं काही नाही, पण काढाव्या लागतील. बुधवारी काढायच्या आणि मग तीन आठवडे तोंडाला कुलूप. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने घशावर आणखी ताण येतो म्हणे. मी म्हटलं, फोनवर दोन शब्द? ते म्हणाले, "बाई, मौन म्हणजे मौन."

कारण काय विचारलं तर म्हणे तुम्ही फार बोलता. आता चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईने बोलायचं नाही तर काय विणकाम करायचं? काचेला खाली वीतभर भोक, त्यातून आवाज पलीकडे जात नाही, म्हणून दिवसभर ओरडायचं. बाह्यरुग्ण तिकडे, क्ष-किरण वर, भेटायची वेळ चार ते सहा. एकच वाक्य इतक्या वेळा म्हणून झालंय की झोपेतही मी लोकांना दुसऱ्या मजल्यावर पाठवत असेन.

घरी आल्यावर बातमी सांगितली. हे नुकतेच दुकानातून आले होते, शिलाई मशिनच्या तेलाचे हात धूत होते. लेक जेवायला बसली होती. हे म्हणाले, "तिला सांग, आता घरात जरा लक्ष घाल." लेक म्हणाली, "त्यांना सांग, मी आत्ताही घालतेच." दोघांमध्ये एक टेबल. मी इकडे सांगितलं की ती आनंदाने करीन म्हणते आणि तिकडे सांगितलं की बाबांना तुझी काळजी वाटते. दोघंही मुकाट्याने जेवली.

आमच्याकडे हे असंच आहे. भांडणबिंडण काही नाही, सवय पडलीय. ती लहान असताना हे उशिरा यायचे, ती झोपलेली असायची, तेव्हापासून निरोप माझ्याकडे ठेवायची पद्धत. माझं काम एवढंच की कडवट भाग गाळून पुढे द्यायचं.

मंगळवार, ४ तारीख

उद्या जायचंय म्हणून आजच थोडं लिहून ठेवते. उद्यापासून बोलायची जागा हीच.

लेकीचं जायचं ठरलंय, तेही चार आठवड्यांवर आलं. इथे ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयाने बोलावलंय, एक तारखेला रुजू व्हायचं. बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांना विचार, मी गेले तर चालेल का." मी विचारलं. हे मशिनच्या पोटात डोकं घालून बसले होते. म्हणाले, "इतक्या लांब? इथे काय कमी आहे? थांब म्हणावं तिला." आता हे असंच्या असं सांगितलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. मी तिला सांगितलं, बाबांची काही हरकत नाही. ह्यांना सांगितलं, तिचं मन तिकडेच लागलंय, अडवू नका. दोघंही गप्प बसली, म्हणजे पटलं. एवढा मोठा निर्णय, पण कपाला बशी लागली नाही. लोकांच्या घरी असल्या गोष्टींवरून दारं आपटतात.

तेव्हापासून दोघं जरा जास्तच गप्प आहेत. जायचं जवळ आलं की माणसं गप्प होतातच.

शुक्रवार, ७ तारीख

झालं एकदाचं. घशात काटे पेरल्यासारखं वाटतंय. काल घरी सोडलं. हाताची घडी, तोंडावर बोट.

संध्याकाळी तिघं बसलो होतो. हे म्हणाले, "तिला सांग, पंखा कमी कर." मी घशाकडे बोट दाखवलं. हे "अरे हो" म्हणाले आणि वाट बघत राहिले. कशाची, देव जाणे. लेकीने ऐकलं होतं, तिचे कान काही ऑपरेशनला गेले नव्हते. पण निरोप अजून तिच्यापर्यंत रीतसर पोचला नव्हता ना. ती नखं बघत बसली. पंखा गरगरत राहिला. शेवटी टाके घातलेल्यासारख्या घशाने मीच उठले आणि बटण फिरवलं.

रविवार, ९ तारीख

खिडकीवरची मैत्रीण येऊन गेली, दोन नंबरवर बसते ती. तीन तास बोलली. मी उत्तर देऊ शकत नाही हे बघून तिने सासूपासून सुरुवात केली आणि नवऱ्याच्या चुलत्यापर्यंत पोचली. जाताना म्हणाली, तुझ्याशी बोलून किती हलकं वाटलं. मी मान हलवली. मला मात्र तिच्या सगळ्या वजनासकट झोप आली.

ती म्हणाली, नवीन मुलगी बसवलीय तुझ्या जागी, ती लोकांना सरळ "नाही" म्हणते. कसं होणार तिचं. खिडकीवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात की "नाही" म्हणायचं नसतं. "बघते" म्हणायचं, "थोडं थांबा" म्हणायचं, "डॉक्टरांना भेटा" म्हणायचं. वर माणूस गेलेला असला, तरी खाली खिडकीवर आपण तोंड पाडायचं नाही. खरं काय ते वरच्या मजल्यावरच्यांनी सांगायचं, आपण फक्त तिथपर्यंत नीट पोचवायचं. इतकी वर्षं हे केलं, कुणी माझ्यावर ओरडून गेलं नाही.

लेकीने सामानाचं विचारलं. एरवी तोंडाने झालं असतं, आता मोबाइलवर टाइप करून ह्यांच्यासमोर धरायचं. ह्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे दुकानात. हात लांब करून वाचतात, तोवर माझा दंड भरून येतो. तिचं वाक्य होतं, "सामानाला टेम्पो लागेल. बाबांना वेळ नसणारच, मी बघते माझं." नेहमीसारखं असतं तर मी शेवटचा अर्धा भाग गाळला असता. पण बोटं कंटाळली होती. बोलली तसंच्या तसं लिहून दाखवलं. ह्यांनी वाचलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि फिरायला निघून गेले. म्हणूनच मी गाळते.

बुधवार, १२ तारीख

आज एक गंमत झाली. लेक माझं औषध आणायला दुकानात गेली, चिठ्ठी घरीच राहिली. सवयीने तिने मला फोन केला. मी उचलून काय करणार? मी नुसतं "हं"सुद्धा म्हणू शकत नाही. तिला ते आठवलं असावं, फोन ठेवला. आणि तिने ह्यांना लावला.

हे संध्याकाळी सांगत होते. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, फोनवर लेकीचं नाव दिसलं आणि ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. ती कधी करतच नाही फोन, त्यामुळे आईचं काहीतरी झालं असं वाटलं. तिने औषधाचं नाव विचारलं, ह्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं तुम्ही जेवलात का, ह्यांनी सांगितलं की डबा खाल्ला. झालं, एवढंच. पण ह्यांनी ते मला दोनदा सांगितलं. म्हणाले, "फोनवर तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा येतो. मला माहीतच नव्हतं."

माझा आवाज म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा, असं मी टाइप करून दाखवलं. ते हसले.

शुक्रवार, १४ तारीख

आज डोकं ठणकतंय. ज्याची भीती होती तेच झालं.

भाजी लेकीने केली होती. हे म्हणाले, "मीठ जास्त झालंय." सरळ तिलाच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "मग उद्या तुम्ही करा." मी टाळी वाजवली, चमच्याने ताट वाजवलं. आरती चाललीय असं समजून दोघांनी दुर्लक्ष केलं. शब्दाने शब्द वाढत गेला. मिठावरून घरकामावर, तिथून दुकानावर. लेक म्हणाली, "मला मशिन उघडायला शिकायचं होतं. लहान होते तेव्हा रोज विचारायचे. तुम्ही कधी शिकवलं नाहीत." हे म्हणाले, "तुला तेलाचा वास सहन होत नाही म्हणालीस ना." ती म्हणाली, "मी? मी कधी म्हणाले?"

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी घशावर हात ठेवला आणि डोळे मिटले. पोरीचे हात काळे व्हायला नकोत म्हणून काही बोलले असेन तेव्हा. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण लक्षात ठेवतं. त्या वेळी दोघांनाही पटलं होतं की. कुणाला वाईट वाटू नये म्हणून केलं तर आज साक्षीला मलाच उभं करतात, तेही मुकी असताना.

रविवार, १६ तारीख

ह्यांनी खरंच भाजी केली. मीठ घालायला विसरले. लेकीने एक अक्षर न बोलता मिठाची बरणी त्यांच्यासमोर ठेवली आणि दोघं हसायला लागली. मी नेमकी आतल्या खोलीत होते, मला हसण्याचाच आवाज आला. बाहेर येईपर्यंत संपलं होतं. काय झालं म्हणून हातवारे केले तर लेक म्हणाली, काही नाही गं, तू पड.

दुपारी दोघं ओट्यापाशी उभं राहून बोलत होती. ती नव्या नोकरीबद्दल सांगत होती, लहान मुलांचे डोळे तपासायचे असतात, मुलं एका जागी बसत नाहीत. हे विचारत होते, मग काय करशील. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला तिने कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी त्यातून बाबांना काय सांगायचं तेवढंच लक्षात ठेवलं असेल.

मला बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं हेच तर हवं होतं की मधे मी नको. पण खाटेवर पडल्या पडल्या वाटलं, मी पाहुणी आहे आणि यजमान आत चहा करतायत. दमलेय मी. हे असं दमणं झोपून जात नाही.

मंगळवार, १८ तारीख

दुकानात जायच्या आधी हे माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तू म्हणाली होतीस, तिचं मन तिकडेच लागलंय. तिने तसं म्हटलं होतं का?"

मी टाइप केलं, तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्यांनी वाचलं, चष्म्याशिवाय जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ वाचलं. मग चपला घालून गेले. आज डबा विसरले.

शुक्रवार, २१ तारीख

जेवताना हे म्हणाले, "तू जायचं म्हणालीस तेव्हा मी थांब म्हणालो होतो."

लेकीचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, हरकत नाही."

"मी नाही असं म्हणालो."

या वेळी दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी मोबाइल ओढला, टाइप करायला लागले, तुमच्या दोघांच्या भल्यासाठीच मी, आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना म्हणून पुसून टाकलं.

लेक म्हणाली, "मला वाटलं, मी गेले काय, राहिले काय, तुम्हाला सारखंच. एक महिना मी तेच धरून बसलेय."

हे म्हणाले, "मला वाटलं, तुला या घराचा कंटाळा आलाय."

मला रडू आलं. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केलीय, हुंदक्याने जखमेला त्रास होतो. मी तोंडात पदर कोंबून बसले. मला काय वाटतं तेही धड कळत नव्हतं, राग आला होता की लाज वाटत होती. मी काय वाईट केलं? दोन माणसं भांडू नयेत म्हणून झटले. भांड्याला भांडं लागणारच, म्हणून मी मधे फडकं धरलं. आता फडक्यालाच विचारतायत, आवाज का आला नाही.

मग ह्यांनी विचारलं, "आता मी विचारतो. तुला खरंच जायचंय?"

"हो," ती म्हणाली. "मुलांचं काम मला आवडतं. पण तुम्ही थांब म्हणाला असतात ना, तर जाताना बरं वाटलं असतं."

"मग थांब."

"नाही थांबणार."

आणि दोघं हसली. डोळे पुसत हसली. अशा गोष्टीवर कोण हसतं? मी ताटं उचलली.

सोमवार, २४ तारीख

मला वाटलं होतं दोघं मला चांगलं फैलावर घेतील. मी मनात उत्तरं तयार करून ठेवली होती, मोबाइलवर टाइपही करून ठेवली होती दोन. कुणी काही बोललंच नाही.

आज दुपारी लेक माझे केस विंचरत होती, लहानपणी मी तिचे विंचरायचे तसे नव्हे, जरा घाईनेच. म्हणाली, "आई, किती दमली असशील तू. दिवसभर तिकडे, आणि घरी आल्यावर आम्ही दोघं."

यावर उत्तर तयार नव्हतं. मी मान हलवली नाही, फणी अडकेल म्हणून.

गुरुवार, २७ तारीख

डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला, छान भरलाय म्हणाले. दिवसाला थोडा थोडा वेळ बोलायची परवानगी मिळाली. "बोला आता काहीतरी," ते म्हणाले. मला काही सुचेना. हे बाजूला उभे, नर्स उभी, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. शेवटी तोंडातून निघालं, "दुसरा मजला, उजवीकडे."

नर्स पोट धरून हसली. हे नाही हसले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "हळूहळू सुचेल."

आवाज माझाच आहे, पण जरा बारीक झालाय. दुसऱ्या कुणाचा कपडा घातल्यासारखं वाटतं.

रविवार, ३० तारीख

लेक गेली.

टेम्पो ह्यांनीच ठरवला. सोबत जाऊन, तिची खोली लावून, उद्या परत येणार. धूळ आणि प्रवास घशाला नको म्हणून मी घरी. खोक्यांपैकी एकात ह्यांनी दुकानातली जुनी हातमशिन बांधून दिलीय, तिने मागितली म्हणे. काल दोघं ती उघडून बसली होती, तिचे हात कोपरापर्यंत काळे. वासाबद्दल ती काही बोलली नाही.

निघताना ती दारात थांबली. पिशवी खांद्यावर, टेम्पोवाला भोंगा वाजवतोय, तरी थांबली. मला कळत होतं की ती वाट बघतेय, पण कशाची ते लक्षात येईना. मी म्हटलं, "बाबा म्हणतात, पोचल्यावर फोन कर."

ती म्हणाली, "आई, बाबा माझ्याबरोबरच येतायत."

मग गेली. घर आवरायला काही उरलं नव्हतं, सगळं तिनेच आवरून ठेवलं होतं. तरी मी फडकं घेऊन फिरत राहिले.

गुरुवार, ४ तारीख

कालपासून कामावर. मला सध्या फाइलींवर बसवलंय, खिडकीवर ती नवीन मुलगीच आहे. आज एक म्हातारे गृहस्थ विचारायला आले, तर ती म्हणाली, "नाही आजोबा, आज नाही भेटणार डॉक्टर, उद्या या." मला वाटलं आता ते चिडणार. ते "बरं झालं सांगितलंस" म्हणाले आणि काठी टेकत गेले. मी दिवसभर त्याचाच विचार करत होते, आणि एक फाइल चुकीच्या कप्प्यात ठेवली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, ह्यांना. आता रोज त्यांनाच करते. एका मुलाने डोळे तपासताना तिचाच चष्मा काढून घातला, ते सांगत होती. हे हसत होते. मी चहा गाळत होते. मग ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला, म्हणाले तुझ्याशी बोलायचंय, आणि बाहेर जाऊन बसले.

मी विचारलं, "बाबांना काय सांगू?"

"काही नाही. बाबांशी झालं बोलून. तुझ्यासाठी केलाय."

"जेवलीस का?"

"जेवले. तू बोल."

"बाबा म्हणत होते, तू गेल्यापासून घर अगदी..."

"ते बाबांनी सांगितलं मला. तुझं सांग ना, आई."

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. एरवी मी म्हटलं असतं, माझं काय असायचं, मजेत आहे. जिभेवर आलंही होतं. पण घसा अजून कच्चा आहे, डॉक्टरांनी थोडंच बोलायला सांगितलंय, आणि त्या थोड्यातलं हे एक वाक्य फुकट घालवायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हटलं, "तू जायला नको होतीस. ह्यांचं नाही सांगत, माझं सांगतेय. तू थांबावंस असं मलाच वाटत होतं. पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला म्हटलं नाही."

तिकडे नाक ओढल्यासारखं झालं. ती रडतेय की हसतेय, फोनवरून कळेना. पूर्वी असं झालं की मी अंदाज बांधायचे आणि ह्यांना जाऊन सांगायचे, हसत होती, मजेत आहे.

"काय गं झालं?" मी विचारलं.

आणि ती सांगायला लागली. मी चहा तसाच ठेवून खुर्ची ओढून बसले.